दुसऱ्या तुकडीला सांगायचं नाही

...नाही, म्हणजे मला सांगायचंच नव्हतं. सांगायचं नाही असं माणिकबाईंनी तीनदा बजावलंय, एकदा बडनेऱ्याला गाडी बदलताना, एकदा मूर्तिजापूरला, आणि एकदा तुमच्या या अकोल्याच्या फलाटावर, "सुभद्रे, तू दुसऱ्या तुकडीजवळ बस, त्यांची नावं आणि वयं लिही, आणि एक अक्षर बोलू नकोस," आणि मी मान डोलावली. मान डोलावणं मला छान येतं, तीन वर्षं वर्गात मी दुसरं काही केलेलंच नाही... पण आता तुम्ही पंधराजणी अशा ओसरीवर पाय सोडून बसलात, आतून गुळाचा वास येतोय, आणि ती शेवटची, हो तूच, लाल परकराची, तू दोनदा आवंढा गिळलास! आवंढा गिळला, हे दिसलं. भूक लागली, हे वाटलं. या दोहोंत फरक काय, ते कळायला मला पुरे आठ दिवस लागले, आणि एका मुलीचं नाव शाळेतून जाता जाता राहिलं... थांबा, पहिल्यापासून सांगते. हळू सांगते. दाराकडे कुणीतरी लक्ष ठेवा.

तर माणिकबाई म्हणजे आमच्या अमरावतीच्या शाळेतल्या नव्या बाई. जबलपूरला ट्रेनिंग घ्यायला गेल्या आणि येताना ट्रंकभर पुस्तकं आणि सेकंदकाट्याचं घड्याळ घेऊन आल्या. आल्या त्या आठवड्यातच मोठ्या बाईंना म्हणाल्या, मला मुलींवर एक प्रयोग करायचाय. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मनकर्णाबाई, हेडमिस्ट्रेस. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, "मुलींवर? मुली काय बेडूक आहेत?" मी तेव्हा तिथेच फळा पुसत होते. मी कुठेही असते, कुणाला दिसत नाही. माणिकबाई म्हणाल्या, सकाळी पोटात काही असलं तर मुलींच्या जास्त लक्षात राहतं का, ते पाहायचंय. "त्यात पाहायचं काय? राहतं. माझी आजी सांगायची." "आणि माझी आजी सांगायची, भरल्या पोटी झोप येते. आता कुठल्या आजीचं खरं मानायचं, मोठ्या बाई?"

तुम्हाला सांगते, मोठ्या बाईंच्या आजीवर शंका घेतलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. पण धामणगावचे एक शेटजी कबूल झाले होते, की उपयोग होतो असं कागदावर दाखवा, सगळ्या मुलींना वर्षभर गूळ-फुटाणे पुरवतो. मग मोठ्या बाईंचा नाइलाज झाला. "बरं, मग हुशार मुलींना गूळ द्या, वाया तरी जाणार नाही. मठ्ठांना पाणी." तर माणिकबाई म्हणतात, "म्हणजे मग त्या गुळाने हुशार झाल्या की आधीच होत्या, हे कसं कळणार?" आणि त्यांनी तीस मुलींच्या चिठ्ठ्या केल्या, गाडग्यात घालून हलवल्या आणि शिपायाच्या बायकोकडून काढवल्या. स्वतः काढल्या नाहीत. का? तर म्हणाल्या, "माझा हात माझ्या लाडक्या मुलीकडे कधी जाईल, ते मलाच कळणार नाही." मोठ्या बाईंना हे फारच लागलं. त्यांचा हात नेहमी कुठे जातो ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे!

पंधरा चिठ्ठ्या पहिल्या तुकडीत, त्यांना रोज साडेदहाला मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा. पंधरा दुसऱ्या तुकडीत, त्यांना तांब्याभर पाणी. मग सगळ्यांना एकत्र बसवून वीस शब्द वाचून दाखवायचे. घागर, पाटी, दोर, घुबड, असले. मग एक मिनिट गप्प बसायचं, आणि आठवतील तितके पाटीवर लिहायचे. एकतिसावी मी. मला चिठ्ठीच नाही. मला वही, शिसपेन्सिल आणि कोपरा.

"तू बोलत नाहीस, म्हणून तुझ्याकडे कुणी पाहत नाही, म्हणून तूच पाहा," असं माणिकबाई म्हणाल्या. म्हणजे माझ्या मुखदुर्बळपणाचा जगात कुणाला तरी उपयोग झाला! पहिल्या दिवशी मी मोठ्या झोकात लिहिलं, 'शकुन उदास आहे.' बाईंनी फुली मारली. "उदास कुठे दिसतं, सुभद्रे? मला दाखव. काय दिसलं?" मी म्हटलं, मान खाली होती. "मग ते लिही. आणखी?" बोटाने जमिनीवर रेघा ओढत होती. "तेही लिही. दिसलं ते लिही, वाटलं ते लिहू नको."

दिसलं ते लिही, वाटलं ते लिहू नको! तुम्हाला सांगते, एकदा ही सवय लागली की घरात राहणं मुश्किल होतं. आमचे वडील, वामनराव, कचेरीत कारकून आहेत. संध्याकाळी वर्तमानपत्र उघडतात आणि आई बोलायला लागते. मी लिहिलं, 'आई बोलत असता वडील अकरा वेळा हं म्हणाले. पान एकदाही उलटले नाही.' झालं, वही आईच्या हाती लागली! "अव माय, अकरा येळा हं? म्हंजे बहिणीच्या लग्नाचं मी सांगून राहिली, तेबी हं मंदीच गेलं काय?" पण गंमत पुढे आहे. दुसऱ्या दिवशी मी पेन्सिल घेऊन बसले, तर वडील पूर्ण वाक्यांत बोलायला लागले! "असं म्हणतेस? मग पुढे काय झालं?" आईलाच भीती वाटली. तीन दिवस हे चाललं, चौथ्या दिवशी मी वही फडताळात ठेवली आणि पाच मिनिटांत हं परत आला. माणिकबाईंना सांगितलं तर त्या खूप हसल्या, म्हणाल्या, "आपल्याला कुणी पाहतंय हे कळलं की माणूस बदलतो. म्हणून तर तुला कोपऱ्यात बसवलंय." म्हणून तर आता तुमच्याकडेही मी बघत नव्हते. म्हणजे बघत होते. तुम्हाला कळणार नाही असं.

हं. शकुन.

शकुन माझ्या शेजारी बसते. तिचे वडील सहदेवभाऊ, वलगावच्या रस्त्याला त्यांचा मळा आहे, वांगी, मेथी, आणि जास्त करून फुलं. अंबादेवीच्या देवळापुढे त्यांची फुलं असतात. आणि शकुन वर्गात मठ्ठ आहे. म्हणजे, मठ्ठ आहे हे मोठ्या बाईंना वाटलं! दिसलं काय, तर पाढे म्हणताना अडते, बाकावर डोकं टेकते, शब्द विचारला की नुसती बघत राहते. मोठ्या बाईंनी तिच्या वडिलांना बोलावून सांगितलं होतं, यंदा सुधारली नाही तर नाव काढून घेऊन जा. तर सहदेवभाऊ हात जोडून म्हणाले, "तुमी म्हनसान तं आताच नेतो, बाई. मळ्यात हात कमीच हायेत." रागाने नाही हो, चांगुलपणाने! आणि शकुन मला डबा खाताना म्हणाली होती, "देवीच्या दारावर पाटी हाये. मी रोज तिच्या खालीच बसतो, पन अर्धीच वाचता येते मले. अर्ध्यावर शाया सुटली तं बाकीची अर्धी कोन वाचून दाखवन व?" मी नेहमीसारखी मान डोलावली.

पहिल्या सोमवारी कुणालाच काही द्यायचं नव्हतं, नुसतं कोण कुठवर आहे ते पाहायचं होतं. शकुनने चार शब्द लिहिले, त्यातला शेवंती हा शब्द यादीत नव्हताच. म्हणजे तीन. मंगळवारपासून गूळ सुरू झाला. ती दुसऱ्या तुकडीत, पाण्यावाली. तर मंगळवारी सात! बुधवारी अकरा! आणि शनिवारी चौदा!

आता तुम्ही म्हणाल, पाण्याने एवढं होतं तर गूळ कशाला? तेच तर! माझ्या वहीच्या मागच्या पानावर काय होतं ते कुणाला ठाऊक होतं? अहो, पहिल्या तुकडीच्या मुली फुटाणे खात होत्या, पण अर्धेच. खोलीत बाईंसमोर चार दाणे तोंडात, बाकीचे ओच्यात, आणि बाहेर कडुनिंबाखाली दुसऱ्या तुकडीत वाटप! तुम्हीच सांगा, समोर मैत्रीण कोरडी बसली असताना एकटीने कसं खायचं? आम्हाला लहानपणापासून काय शिकवलं? पंगतीत शेवटच्याचं वाढून होईस्तोवर पहिल्याने घास उचलायचा नाही. पहिल्या तुकडीतली कौशल्या तर म्हणाली, "एकटीनं खाल्लं का मले पोटात मुरडा येते!" जबलपूरच्या पुस्तकात चिठ्ठ्या होत्या, घड्याळ होतं, सगळं होतं, पण वऱ्हाडातल्या मुली वाटून खातात हे त्यात कुठे लिहिलेलं असणार!

आणि मी ते सगळं पाहिलं. कौशल्याने मला धरलं, "सुभद्रे, बाईले सांगशीन तं अंबादेवीची आन!" म्हणून मी सांगितलं नाही. पण लिहिलं. मागच्या पानावर, बारीक अक्षरांत. आण सांगण्याची होती ना, लिहिण्याची कुठे होती? दिसलं ते लिही.

आठ दिवसांनी माणिकबाईंनी बेरजा केल्या. पहिल्या तुकडीचे सरासरी दहा शब्द, दुसरीचे साडेनऊ. म्हणजे काहीच फरक नाही. त्यांनी बेरीज पुन्हा केली. मग चष्मा काढून पदराने पुसला, आणि बराच वेळ पुसतच राहिल्या. मोठ्या बाई मात्र प्रसन्न! "बघा, गुळाने काही होत नाही. हुशारी जन्माची असते, वांग्याच्या झाडाला वांगंच लागतं." आजीचं त्या साफ विसरल्या! मग यादीवरून बोट फिरवताना ते शकुनपाशी थांबलं. "ही? हिने चौदा लिहिले? पाणी पिऊन? अहो, ही नक्कल आहे! मठ्ठ होती ते चाललं, आता लबाडीपण? बोलवा हिच्या वडिलांना."

सहदेवभाऊ आले, हातात शेवंतीची टोपली तशीच. शकुन भिंतीला चिकटून उभी. मोठ्या बाईंनी हजेरीपट उघडला, टाक दौतीत बुडवला. आणि मी कोपऱ्यात, वही छातीशी धरून. तुम्हाला सांगते, मला काय झालं ते नाही सांगत, ते वाटलं! दिसलं एवढंच, की टाकाच्या टोकावर शाईचा थेंब आला होता, तो पडला की शकुनचं नाव जाणार होतं. एकीकडे देवीची आण, एकीकडे तो थेंब. आणि तोंड उघडेना हो माझं! तीन वर्षं न वापरलेलं तोंड, ऐन वेळी कसं उघडणार? मी नुसती पुढे गेले आणि वही उलटी करून, मागचं पान काढून, हजेरीपटावरच ठेवली. थेंब माझ्या वहीवर पडला. डाग अजून आहे, दाखवते नंतर.

मोठ्या बाईंनी मोठ्याने वाचलं. "मंगळवार. कौशल्याने फुटाणे ओच्यात बांधले. कडुनिंबाखाली शकुनला दिले. शकुनने सगळे खाल्ले. एक दाणा मातीत पडला, तो पुसून खाल्ला. बुधवार. शकुनने तिघींचे खाल्ले. गुळाचा हात चाटला..." आणि वही माणिकबाईंकडे सरकवली.

माणिकबाईंनी विचारलं, "सहदेवभाऊ, ही सकाळी काय खाऊन येते?" त्यांना प्रश्नच कळेना. "सकायी? बाई, देवीची फुलं हायेत ना! उष्ट्या तोंडानं तोडतेत काय कोनी? माह्या आजीपासून हेच हाये." मग? "मंग फुलायच्या येन्या गुंफते, मंग देवळापुढं बसते, मंग घंटा झाली का पयत शायेत येते." आणि जेवते कधी? "दुपारच्याले." म्हणजे गणित, वाचन, पाढे, सगळं रिकाम्या पोटी, आणि मधल्या सुट्टीनंतर शिवण! आणि शिवणात शकुनचा टाका सगळ्या वर्गात बारीक, हे मी तीन वर्षं बघतेय, आणि सकाळची मठ्ठ पोरगी दुपारी हुशार कशी होते हे मला एकदाही सुचलं नाही. नुसतं पाहून काय होतं? विचारायलाही पाहिजे ना! माणिकबाई शकुनला म्हणाल्या, "अगं, सांगायचं नाही का?" ती म्हणाली, "मले कोनी इचारलंच नाई."

तीन वर्षांत कुणीच नाही. मीसुद्धा नाही, आणि मी तर शेजारी बसते.

पण मोठ्या बाई काही कमी नाहीत हं. म्हणाल्या, "उपाशी होती म्हणून मठ्ठ होती, हे तुम्हाला वाटलं, माणिकबाई. दिसलं का?" आमचाच मंत्र आमच्यावर! आणि माणिकबाई म्हणाल्या, "बरोबर आहे." बघा, शत्रूचंही बरोबर म्हणायचं, असलं हे शास्त्र! "मग काय करायचं? आठ दिवस हिला पुन्हा उपाशी ठेवून बघायचं?" आणि तेव्हा कुणीतरी म्हणालं, "बाई, ते तर तीन वर्षं करून झालंय." सगळ्यांनी वळून पाहिलं. मीही पाहिलं. तर ती मीच!

मग माझ्या डब्यातली पोळी शकुनला दिली, आणि तिला एकटीला मोठ्या बाईंच्या टेबलाशी बसवलं, नक्कल करायला शेजारी कुणी नाही. शब्द मोठ्या बाईंनीच निवडले आणि मेलगाडीच्या वेगाने वाचले. शकुनने मिनिटभर डोळे मिटले आणि पंधरा लिहिले. "सोपे होते शब्द," मोठ्या बाई म्हणाल्या. माणिकबाईंनी नवी यादी काढली, "मग आपण बसता का?" आता नाही कशा म्हणणार? बसल्या. अकरा आले. मोठ्या बाई चष्मा सारखा करत म्हणाल्या, "मला आज एकादशी आहे ना!"

माणिकबाई हसल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "लिही, सुभद्रे." मी लिहिलं, 'मोठ्या बाई. अकरा. उपास.'

टाक परत दौतीत गेला. शकुनचं नाव राहिलं. सहदेवभाऊंनी वाकून टोपलीतली मूठभर शेवंती टेबलावर ठेवली आणि लेकीला म्हणाले, "फुलं तोडून झाली का आंधी भाकर खाय, मंग येन्या गुंफ. देवी काई म्हनत नाई." इतकंच होतं हो ते. एक वाक्य. त्याच्यापायी पोरगी तीन वर्षं मठ्ठ!

तर संपलं असतं इथेच. पण माणिकबाई म्हणाल्या, एका शकुनवरून शास्त्र होत नाही, शेटजी ऐकायचे नाहीत. पुन्हा करायचं, दुसऱ्या गावी, अनोळखी मुलींवर. या वेळी तुकड्या वेगळ्या ओसऱ्यांवर, मध्ये कडुनिंब नाही, आणि दुसऱ्या तुकडीला काही म्हणजे काही सांगायचं नाही. त्या अनोळखी मुली म्हणजे तुम्ही. ती दुसरी तुकडी म्हणजे तुम्ही.

आणि मला सगळं पटतं! तुम्हाला सांगितलं तर प्रयोग बिघडतो, हेही पटतं. पण उपाशी मुलीला लक्षात राहत नाही हे सिद्ध करायला पंधरा मुली उपाशी बसवायच्या, आणि त्यांना विचारायचंसुद्धा नाही? मग तीन वर्षं शकुनला न विचारणारी मी, आणि आजची मी, यांत फरक काय? म्हणून विचारते. नाव-वयाच्या पुढे रकाना नाही, मी पेन्सिलीने आखलाय. सकाळी काय खाल्लं? हं, तू? चहा. तू? भाकरी. लाल परकर, तू? मामी म्हणते, शाळेतून आल्यावरच... बरं. लिहिलं. आज एवढा एक दिवस बसा, जे येईल ते खरं खरं लिहा, म्हणजे कागदावर दिसेल, आणि मग सगळ्यांना...

काय? काय म्हणालीस? "मंग आमी शब्द मुद्दाम इसरतो ना! दोन-दोनच लिवतो! म्हंजे शेटजीले पक्कं दिसन, अन् सगळ्यायले सालभर फुटाने भेटतीन!"

अगं बाई! नाही! तसं नाही करायचं! खरं आठवेल तेवढं... अगं, हसताय काय? आणि सगळ्याजणी माना काय डोलावताय? डोलावू नका! मान डोलावणाऱ्या मुली मनात काय करतात ते मला चांगलं माहीत आहे...

"सुभद्रेऽ! पाठव दुसरी तुकडी. काही बोलली नाहीस ना त्यांच्याशी?"

आले, बाई!... झालं. आता पुन्हा मागचं पान. 'अकोला. नोंद घेणारी मुलगी अर्धा तास बोलली.' हे दिसलं. का बोलली, ते मात्र नुसतं मला वाटलं, म्हणून ते लिहायचं ना—

"सुभद्रे!"